विश्वनाथरावांचा शब्द आणि कर्दळीचा वाफा

शोक नंतर, आधी घटनाक्रम. होळीच्या आदल्या गुरुवारी, कन्हानच्या रस्त्यावर असलेल्या बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात निरोप आला की मुख्य कचेरीतून मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. शुक्रवारी त्याच कारखान्याच्या मागील बाजूचा, सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी वाढवलेला कर्दळ, पाणकणीस आणि वाळा यांचा वाफा झाडोरा समजून साफ करण्यात आला. शनिवारी साहेब आले, चुन्याच्या ओल्या रेषा पाहून प्रसन्न झाले आणि चहा घेऊन परतले. होळीच्या दिवशी नाल्याला पुन्हा ती जुनी आंबूस दुर्गंधी येऊ लागली. आणि गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी सकाळी, नागपूरच्या नंदनवनातील राहत्या घरी, तो वाफा ज्यांनी उभा केला ते माझे साडू विश्वनाथराव वारले.

या नोंदींपैकी शेवटची सोडून बाकी सर्व घटनांसाठी मी पुढील मंडळींना जबाबदार धरतो. ज्यांनी 'मागचं सगळं साफ दिसलं पाहिजे' एवढेच सांगितले आणि मागे काय आहे हे विचारले नाही, ते व्यवस्थापक. ज्याने हिरवे दिसेल ते कापायचे, एवढाच ठेक्याचा अर्थ लावला, तो सफाईचा ठेकेदार. आणि ज्यांच्या येण्याच्या नुसत्या वार्तेने हाताखालची माणसे विचार करणे सोडून देतात, ते मोठे साहेब. शेवटच्या नोंदीचा दोष मी कोणालाही देत नाही. ती यकृताच्या दुखण्याने, पुरेशी पूर्वसूचना देऊन, झोपेत आणि फारसा त्रास न देता आली. माझ्या मेहुणीचा, मंदाचा, फोन आला तेव्हा तिने एवढेच म्हटले, "भाऊजी, हे गेले... मी चहा ठेवायला उठले तर गेलेलेच होते." मी खुर्चीवर बसलो आणि मला पहिल्यांदा जे वाटले ते दुःख नव्हते. मला हायसे वाटले. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. दोन बहिणींचे नवरे एवढेच नाते, त्यामुळे त्यात प्रेमाची सक्ती नसते आणि भांडणाला मज्जाव नसतो. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. मी वकील नाही, परंतु वकिलांच्या अर्जांतील चुका काढण्यात माझे आयुष्य सरले, आणि निवृत्तीनंतर ती सवय मी सार्वजनिक हितासाठी वापरू लागलो. उघडी गटारे, बंद पथदिवे, पदपथांवरील अतिक्रमणे यांविषयी माझी पत्रे संबंधितांना जातात. उत्तरे क्वचित येतात. विश्वनाथराव त्या कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख होते. यंत्रे, मोटारी, पाइप आणि सांडपाणी हे त्यांचे खाते. त्यांच्या कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध मी तक्रार केली तेव्हा आमच्या घरात आणि त्यांच्या घरात काय वादळ उठले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. "सख्ख्या बहिणीच्या घरावर नोटीस आणता?" असे माझ्या पत्नीने मला विचारले आणि त्यानंतर भाजीत मीठ कमी पडू लागले.

त्याच आठवड्यात विश्वनाथराव आमच्याकडे जेवायला आले. मी ताठ बसलो होतो. त्यांनी वरणभात कालवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साडभाऊ, पत्र वाचलं मी. त्याची प्रत गेटवरच पोचली होती. मस्त लिवलं आहे. पण एक मोठी चूक करून ठेवली तुमी."

"कोणती?" मी विचारले. माझ्या पत्रात चूक असणे मला अशक्य वाटत होते.

"तुमी लिवलं, काळं पाणी. अहो, आलू धुतलेलं पाणी काळं काहून असन? ते पांढरं असते, दुधासारखं. आलूची खळ असते त्याच्यात. ते पुढं नाल्यात जाऊन सडते, मंग काळं होते. तपासणीचा साहेब येईन, गेटवर पाहीन, म्हणन काळं पाणी तर इथं नाहीच. झाली तुमची तक्रार निकाली. पांढरं लिवा."

मी त्याच रात्री 'दुधाळ' असा शब्द घालून दुरुस्तीपत्र लिहिले. आपल्याच कारखान्याविरुद्धची तक्रार अधिक पक्की करून देणारा असा प्रतिपक्ष मला न्यायालयाच्या आवारात कधीही भेटला नव्हता. मी त्यांना विचारले की, तुमच्याकडे पाणी शुद्ध करणारे केंद्र आहे, पाण्यात हवा घुसळणारे यंत्र आहे, परवान्यात ते सारे नमूद आहे, मग नाल्याला दुर्गंधी का? त्यांनी ताटातला भात एकत्र केला. मग म्हणाले, "यंत्राले बटन आहे, साडभाऊ. आणि बटनाले मालक आहे." विजेचे बिल वाचवण्यासाठी ते यंत्र बंद असे. तपासणी पथकाची गाडी फाटकाशी आली की पहारेकरी आत फोन करी, आणि साहेब जिना उतरून टाकीपर्यंत येईतो पाण्यावर असा फेस खळाळू लागे की जणू तो महिनाभर खळाळतच होता. ते बटण दाबण्याचे काम विश्वनाथरावांच्या खात्याकडे होते. "दर वेळेस माह्या हातानं दाबतो," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्यांच्या नंदनवनातील घरामागे न्हाणीचे पाणी एका चरातून जाई. त्या चरात त्यांनी धोपा, म्हणजे अळू, आणि कर्दळ लावली होती. धोप्याच्या पानांची वडी मंदा उत्तम करी, हे त्या चराचे मूळ समर्थन. परंतु विश्वनाथरावांनी पाहिले होते की साबणाचे मळकट पाणी कर्दळीच्या मुळांतून पुढे गेले की त्याचा वास जातो. ते पुस्तके वाचू लागले, एका महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटून आले, आणि एका रविवारी मला म्हणाले, "झाड पाणी साफ करत नाही बरं का. झाडाच्या मुळाभोवती जे बारीक जीव राहतात ना, ते घाण खातात. झाड त्यांना घर देते आणि खाली हवा पोचवते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट... झाडाले बटन नसते."

माझ्या तक्रारीची नोटीस मालकांना पोचलीच होती. मालक घाबरले, आणि घाबरलेल्या मालकाकडून विश्वनाथरावांनी कारखान्यामागची पडीक जागा मागून घेतली. "तुमच्या पत्रानं जागा भेटली," हे त्यांनी पुढे चारचौघांत अनेकदा सांगितले. मी ते नाकारले नाही. सार्वजनिक पत्रव्यवहाराचा तो दुर्मीळ विजय होता.

तो वाफा पहिल्या खेपेस साफ फसला. खड्डा खणला, खाली प्लास्टिकचे जाड अस्तर टाकले, त्यावर गिट्टी, गिट्टीत रोपे. आणि कारखान्याचे पाणी सरळ सोडले. पंधरवड्यात पाने पिवळी पडली. विश्वनाथरावांनी एक रोप उपटून माझ्या नाकाशी धरले. मुळांवर तळणाच्या तेलाचा चिकट थर बसला होता. "श्वास कोंडून मेले बिचारे," ते म्हणाले, माणसांविषयी बोलावे तसे. मग त्यांनी आधी तेल अडवणारी एक टाकी बांधली. तिच्यात तवंग वर राही आणि पाणी खालून पुढे जाई. दुसऱ्या टाकीत बटाट्याची खळ तळाशी बसे. ती काढून गुरांच्या खाद्यात जाई. आणि उरलेले पाणी गिट्टीच्या पोटातून, वर न दिसता, मुळांना चाटत हळूहळू सरके. वरून पाहणाऱ्याला फक्त कोरडी गिट्टी आणि लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ दिसे. डासांना बसायला पाणीच नाही. मी विचारले, "पाणी दिसतच नाही, मग पाहणीत लोकांना काय दाखवाल?" तेव्हा ते जोराने हसले होते. आज तो प्रश्न मला वेगळ्या अर्थाने आठवतो, आणि राग येतो.

नाला कारखान्यापासून खाली पार्बताबाईंच्या शेताला लागून जातो आणि पुढे नदीला मिळतो. पार्बताबाई या धान पेरणाऱ्या, म्हशी राखणाऱ्या, आणि कोणाचीही भीड न ठेवणाऱ्या बाई. कारखाना आल्यापासून त्यांच्या म्हशी नाल्याला तोंड लावत नसत, आणि त्या रोज डोक्यावरून दुरून पाणी आणत. वाफ्यातून पहिले स्वच्छ पाणी नाल्यात आले त्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्या बांधावर गेलो. मी प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत सोबत नेली होती. ती मी वाचून दाखवू लागलो, तशी बाई म्हणाल्या, "थांबा वकीलसाहेब. तुमचा कागद म्हशीले वाचता येत नाही."

"मी वकील नाही," मी म्हणालो.

"मंग एवढं लांब काहून बोलता गा?" असे म्हणून त्यांनी म्हैस सोडली. म्हशीने वास घेतला, मान झटकली, पुन्हा वास घेतला आणि प्यायला लागली. विश्वनाथराव कुठेतरी दूर पाहू लागले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिले नाही असे दाखवले. पार्बताबाई त्यांना म्हणाल्या, "आज पेली, इश्वनाथभाऊ. उद्याचं काय? साहेब आला की साफ, साहेब गेला की घाण, असं तर नाही ना?" त्यावर ते म्हणाले, "नाही वं बाई. आता हे असंच राहीन. माझा शब्द आहे."

हा शब्द. त्याला साक्षीदार मी, एक म्हैस आणि एक बाई. लेखी काहीही नाही. माझ्यासारख्याने तिथल्या तिथे करारनामा करून घ्यायला हवा होता, असे मी गमतीने म्हटले, तर ते म्हणाले, "कागदानं पाणी साफ होत असतं तर तुमच्या पत्रांनी सगळं नागपूर चकाचक झालं असतं." यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

ते निवृत्त झाले, तरी दर आठवड्याला जुन्या स्कूटरवर कारखान्यात जात. वाळलेली पाने काढत, दाटलेली कर्दळ विरळ करून जास्तीचे कंद वाटत. या शहरात किती अंगणांत ती कर्दळ आहे, कोण जाणे. मग दिवाळीच्या सुमारास दुखणे उघड झाले. त्याच सुमारास कारखान्यात नवे व्यवस्थापक आले. जुन्यांनी नव्यांना यंत्रे दाखवली, कुलुपे दाखवली, टाक्या दाखवल्या. कर्दळ दाखवली नाही, कारण यंत्रांच्या यादीत ती नव्हती.

पुढचे वर आले आहे. शिमग्याच्या सकाळी पार्बताबाईंनी मला फोन केला. एरवी मला टोमणा मारल्याशिवाय त्या बोलत नाहीत, त्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, वास येऊन राहिला." एवढेच. मी तडक गेलो. मागच्या बाजूला जे दृश्य दिसले ते विसरणे शक्य नाही. वाफ्याचा पुढचा भाग जेसीबीने खरवडून गिट्टीचा ढीग केला होता. उरलेल्या भागातील कर्दळ विळ्याने बुडापासून कापली होती. कडेच्या विटा गेरूने रंगवल्या होत्या, चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या, आणि त्या उजाड गिट्टीवर भाड्याने आणलेल्या शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद करून सारे सांडपाणी सरळ नाल्यात वळवले होते, साहेबांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून. मी तिथेच उभ्या उभ्या मनात नोटिशीचा मसुदा रचला. सात कलमे होती, आणि प्रत्येक कलमात अजामीनपात्र शब्द होते.

प्रश्न होता, विश्वनाथरावांना सांगायचे की नाही. मंदा म्हणाली, "भाऊजी, नका सांगू. फार दिवस नाहीत. सुखानं जाऊ द्या." मी कबूल केले. त्यांच्या खाटेशी बसून मी पालिकेबद्दल बोलत राहिलो, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. पण पार्बताबाईंना कोणी कबुलीत घेतले नव्हते. त्या दुसऱ्या दिवशी बस बदलून नंदनवनात पोचल्या, पायरीवर चपला काढल्या, खाटेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इश्वनाथभाऊ, तुमचा वाफा कापला मेल्यांनी."

मंदाने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीकडे. विश्वनाथरावांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून, घोगऱ्या पण अगदी कामाच्या आवाजात विचारले, "जेसीबी का इळा?"

"पुढे जेसीबी. बाकी विळा."

"पाणी चालू आहे?"

"नाही. नाल्यात वळवलं आहे."

ते धडपडत उठू लागले. आम्ही तिघांनी त्यांना धरले. "कापल्यानं काही होत नाही हो," ते म्हणाले. "आपण कापतच होतो. खाली कंद जिवंत आहे. पण हे ऊन... गिट्टी तापन, मुळं वाळतीन. मंग संपलं. पाणी सोडायले लावा, साडभाऊ. आजच." मी म्हणालो की नोटीस तयार आहे, सात कलमांची. त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले. "कलमं मंग टाका. आज एकच वाक्य लिवा. वाफ्यात पाणी सोडा."

आयुष्यात मी लिहिलेले ते सर्वांत लहान पत्र. ते घेऊन मी व्यवस्थापकांसमोर बसलो. वयाने तरुण, बोलण्यात नम्र गृहस्थ. मी कटाची, द्वेषाची, संगनमताची तयारी करून गेलो होतो. त्यांनी ते वाक्य वाचले आणि म्हणाले, "सर, तो वाफा होता का? आम्हाला वाटलं जुना बगीचा आहे, फार वाढला होता, पाणीही त्यालाच सोडलंय. म्हणून तर नवीन कुंड्या आणल्या." मग त्यांनी विचारले, "एवढंच करायचं?" आणि फिटरला हाक मारली. कुंड्या उचलल्या गेल्या. व्हॉल्व्ह फिरला. गिट्टीखाली पाणी शिरल्याचा तो घुरघुर आवाज मी कान लावून ऐकला. मला इतका राग आला होता की तो कोणावर काढावा हे कळेना. आणि त्याच वेळी इतके हलके वाटत होते की मी त्या माणसाने देऊ केलेला चहा घेतला.

पाडव्याच्या सकाळी पार्बताबाईंनी नातवाच्या मोबाइलवरून फोटो पाठवला. कापलेल्या बुडख्यांतून गुंडाळलेल्या पानांचे तांबूस-हिरवे कोंब वर आले होते, एक नाही, रांगेने. मी तो फोटो घेऊन नंदनवनात गेलो. विश्वनाथरावांनी फोन डोळ्यांशी धरला, बोटांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. मग म्हणाले, "दाट लागून राहिली. पावसाळ्यात विरळ करा लागन." मंदा स्वयंपाकघरातून श्रीखंडाची वाटी घेऊन आली, त्यांनी बोटभर चाखले. "वास?" त्यांनी विचारले. मी सांगितले की कमी झाला आहे, गेलेला नाही. जेसीबीने खरवडलेला भाग अजून मोकळा आहे. मी खोटे बोललो नाही. त्यांनी मान हलवली. "होईन," म्हणाले. त्यानंतरच्या सोमवारी ते गेले.

म्हणून हायसे वाटले. शब्द मोडला, हे ओझे घेऊन ते गेले नाहीत. माणूस जातो, आणि त्याच्या मागे त्याचे काम कोणीतरी झाडोरा म्हणून काढून टाकतो, हे मी पुष्कळ पाहिले आहे. इथे ते होता होता राहिले, आणि राहिले हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. एवढे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येते. परवा मी नाल्यावर गेलो तेव्हा म्हशी पाण्यात बसल्या होत्या. पार्बताबाईंनी मला पाहून विचारले, "आता पुढच्या वेळेस साहेब येईन तवा कोण सांगन गा त्यायले? इश्वनाथभाऊ तर गेले." मी परत येऊन सात कलमांची नोटीस फाडून टाकली आणि हा लेख लिहायला बसलो.

उत्तर देणे माझे काम नाही, कारण शब्द आता कारखान्याच्या जागेत उगवतो आहे. सबब, कारखान्याच्या मालकांनी, वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, सर्वांना वाचता येईल अशा रीतीने, पुढील दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. खरवडलेला भाग केव्हा लावणार, आणि साहेब येणार असे कळल्यावर वाफ्यापुढे आडवा उभा राहून 'याला हात लावायचा नाही' असे सांगणारा तुमचा माणूस कोण? हुद्दा नको. 'संबंधित विभाग' नको. पार्बताबाईंना हाक मारता येईल असे त्याचे नाव छापा.